गॅस स्टेशनवरच्या गमीवाल्यास अनावृत पत्र

श्री. गमीवाले,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही, कारण ते तुम्ही पाकिटावर छापलेलंच नाही. कंपनीचं एक भपकेबाज नाव आहे. पत्ता नाही, फोन नाही. एक ई-मेल दिला आहे, त्यावर पाठवलेल्या प्रश्नांना उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

डॅलसच्या उत्तरेकडच्या ज्या उपनगरांत आपली मराठी माणसं मोठ्या संख्येनं राहतात, तिथल्या एका गॅस स्टेशनच्या काउंटरवर तुमचं पाकीट टांगलेलं होतं. एका बाजूला लायटर, दुसऱ्या बाजूला एनर्जी ड्रिंक. पाकिटावर फळांची चित्रं आणि चकचकीत अक्षरांत ‘प्रीमियम’, ‘लॅब टेस्टेड’, ‘फार्म बिल कम्प्लायंट’. ज्याला झोप येत नाही, ज्याची पाठ दुखते, ज्याला शुक्रवारी संध्याकाळी दारू नको आहे, अशा माणसांना तुम्ही एवढ्यावर गप्प बसवता. मी औषध कंपनीत दर्जा-तपासणीचं काम करते. प्रयोगशाळांचे रिपोर्ट वाचणं ही माझी रोजीरोटी आहे. तुमचा रिपोर्ट मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे, आता माझं म्हणणं तुम्ही ऐकून घ्या.

आधी एक स्पष्ट करते. एकवीस वर्षांवरच्या माणसानं हेम्पपासून, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडापासून, बनवलेली नशा आणणाऱ्या टीएचसीची गमी खावी की नाही, हे ठरवायला तो समर्थ आहे. मला त्यात नाक खुपसायचं नाही. पण ठरवण्यासाठी त्याच्या हातात खरी माहिती हवी, आणि ती तुम्ही चोरली आहे. माझं भांडण त्या चोरीबद्दल आहे.

पाकिटावरचा क्यूआर कोड मी स्कॅन केला. प्रामाणिक कंपनीचा कोड सहसा तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या साइटवर नेतो किंवा निदान तिथे पडताळता येईल असा क्रमांक देतो. तुमचा कोड तुमच्याच साइटवरच्या एका पीडीएफवर गेला. त्यावरची तारीख पाकिटावरच्या तारखेच्या वर्षभर आधीची. पाकिटावर छापलेला बॅच नंबर रिपोर्टात कुठेही नाही. नमुन्याचा फोटो मात्र आहे: काचेच्या बरणीत दाट पिवळसर अर्क. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, नमुन्याचा प्रकार ‘डिस्टिलेट’. म्हणजे तपासला तो नुसता अर्क. त्यात साखर, जिलेटिन, रंग, चव मिसळून जी गमी तयार झाली, ती प्रयोगशाळेनं पाहिलेलीसुद्धा नाही. पिठाचा डबा तपासून पुरणपोळी उत्तम झाल्याचा दाखला द्यावा, तसा हा प्रकार आहे. एका गमीत पाच मिलिग्रॅम आहे आणि शेजारच्या गमीत वीस, असं मिश्रण नीट न ढवळल्यामुळे सहज होतं. ते कळायला तयार गमीच तपासावी लागते.

पुढच्या ओळीत डेल्टा-८ टीएचसीचा भला मोठा टक्का दिला आहे आणि डेल्टा-९ टीएचसीसमोर ‘आढळलं नाही’. इथे तर तुम्ही माझ्या धंद्याचाच अपमान केलात. डेल्टा-८ आणि डेल्टा-९ हे रेणू एकाच वजनाचे, फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या जागेचा. तपासणीच्या यंत्रातून ते जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. पद्धत काळजीपूर्वक बसवलेली नसेल तर डेल्टा-८च्या अजस्र शिखराखाली डेल्टा-९चं छोटं शिखर गडप होतं, आणि अहवालात लिहिलं जातं की ते नाहीच. सोबत क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या शिखरांचा आलेख, जोडला असता तर कुणालाही शहानिशा करता आली असती. तुम्ही तो जोडला नाही. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा: तपासलं नाही. कीटकनाशकं: तपासली नाहीत. उरलेली द्रावणं: तपासली नाहीत. हेम्पचं झाड जमिनीतले जड धातू शोषून घेतं. इतकं, की चेर्नोबिलच्या आसपासची दूषित जमीन साफ करण्यासाठी १९९०च्या दशकात ते लावून पाहिलं गेलं. अशा झाडाचा अर्क विकताना धातूंचा रकाना रिकामा सोडायचा आणि वर ‘लॅब टेस्टेड’ छापायचं, हा खोटेपणा आहे. याला दुसरं नाव नाही.

द्रावणांचा रकाना तुम्ही का टाळला, तेही लोकांना सांगते. झाडात डेल्टा-८ अगदी नगण्य असतं. बाजारात येतं ते बहुतेक सगळं सीबीडीवर, म्हणजे हेम्पमधल्या नशा न आणणाऱ्या घटकावर, आम्लाची प्रक्रिया करून बनवलेलं. त्या प्रक्रियेत टोल्युइन, हेप्टेन यांसारखी द्रावणं वापरली जातात, आणि डेल्टा-८बरोबर इतर संयुगंही तयार होतात, ज्यांतल्या काहींना अजून नीट ओळखही नाही. नीट काम करणारा रसायनतज्ज्ञ असेल तर तो हे सगळं धुऊन, गाळून, पुन्हा तपासून मग पुढे देतो. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात. तुम्ही दोन्ही वाचवलेत आणि पाकिटावर ‘नैसर्गिक’ हा शब्द छापलात.

आता तुमचं लाडकं ‘फार्म बिल कम्प्लायंट’. डिसेंबर २०१८मध्ये अमेरिकेत जो शेतीविषयक कायदा झाला, त्यात कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी असलेलं कॅनॅबिस म्हणजे हेम्प, अशी व्याख्या आली. हा ०.३चा आकडा अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ साली झाडांचं वर्गीकरण करताना पानांसाठी धरला होता. खाऊच्या गोळीला तो लावला जाईल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पानात ०.३ टक्के म्हणजे काहीच नाही. पण चार ग्रॅमच्या गमीत ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम, आणि कॅलिफोर्नियाच्या परवानाधारक दुकानांत एका वेळेचं प्रमाण १० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवलेलं आहे. तुमच्या धंद्याची सगळी इमारत या गणितावर उभी आहे. कायदेशीर आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण तेच गणित ग्राहकाच्याही उपयोगाचं आहे, आणि ते त्याला तुम्ही कधी सांगणार नाही. वाचकहो, गमीचं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि तिनानं गुणा. उत्तर येईल तितके मिलिग्रॅम डेल्टा-९, त्याहून जास्त नाही. चार ग्रॅमच्या गमीवर ‘डेल्टा-९, २५ मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर एक तर लेबल खोटं आहे किंवा माल बेकायदा आहे. दोन्ही बाबतीत पाकीट जागच्या जागी ठेवून द्या.

तुम्ही म्हणाल, हेम्पच्या बाजारात सगळेच असं करतात. लेबलं खोटी असतात हे नवं नाही, ते मान्य. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांवरच लेबलात लिहिलेलं आणि आत असलेलं प्रमाण जुळलं. ८४पैकी १८मध्ये टीएचसी सापडलं. सगळे करतात म्हणून तुम्हालाही करायचा परवाना मिळाला, असं तुम्हाला वाटत असेल तर पुढचे आकडे वाचा.

१ जानेवारी २०२१ ते २८ फेब्रुवारी २०२२ या चौदा महिन्यांत अमेरिकेतल्या विषबाधा मदत केंद्रांकडे डेल्टा-८च्या २,३६२ घटना आल्या. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, जाहीर केलेल्या या आकड्यात ४१ टक्के अठरा वर्षांखालची मुलं होती. ७० टक्के जणांना दवाखाना गाठावा लागला. एका मुलाच्या प्रकरणापुढे ‘मृत्यू’ अशी नोंद आहे. सहा वर्षांखालच्या मुलांनी कॅनॅबिसचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या नोंदी २०१७मध्ये २०७ होत्या, २०२१मध्ये ३,०५४. जुलै २०२३मध्ये एफडीए आणि एफटीसी (व्यापार आयोग) यांनी मिळून सहा कंपन्यांना ताकीद दिली, कारण त्यांची डेल्टा-८ची पाकिटं हुबेहूब मुलांच्या चिप्स आणि गोळ्यांच्या पाकिटांसारखी होती. तुमच्या पाकिटावरच्या हसऱ्या स्ट्रॉबेरीला डोळे काढलेत ना? ते कुणासाठी काढलेत? चाळिशीतल्या निद्रानाशाच्या रोग्याला हसणारी स्ट्रॉबेरी लागत नाही. मुलांना उघडता येणार नाही असं झाकण लावायलाही तुम्हाला परवडलं नाही, साधी चिमटीत उघडणारी पिशवी दिलीत.

आणि एका वेळी किती खावी, याची सूचना? ‘हवी तशी मजा घ्या.’ गमी पोटातून यकृतात जाते आणि तिथे टीएचसीपासून ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचा अधिक जोरकस पदार्थ तयार होतो. त्यामुळे ओढून घेतलेल्या धुरासारखा तिचा परिणाम मिनिटांत येत नाही. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच जाणवत नाही, माणूस म्हणतो ‘ही तर फुसकी निघाली’ आणि दुसरी खातो. मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, घाम फुटतो, आपण मरतोय असं वाटतं, आणि हे कितीतरी तास उतरत नाही. नवख्यानं अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी आणि त्या दिवशी दुसरी खाऊ नये, गाडी चालवू नये, एवढी दोन वाक्यं छापायला तुमच्या पाकिटावर जागा होती. तिथे तुम्ही ताडाचं झाड काढलंत.

माझ्या माणसांची काळजी मला जास्त आहे, म्हणून इथे थोडं थांबते. आमच्याकडे पुण्या-नाशिकहून आईवडील सहा-सहा महिने राहायला येतात. स्वयंपाकघरातल्या कपाटात गमीच्या बाटल्या असतात: व्हिटॅमिनच्या, केसांच्या, पचनाच्या. सत्तरीतली आई त्यातली एक तोंडात टाकते. तिला हृदयासाठी वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सीबीडी आणि टीएचसीमुळे त्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या पाकिटावर औषधांबद्दल एक अक्षर नाही. तरुण मुलं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. नोकरीतल्या लघवीच्या चाचणीला टीएचसी हेम्पचं की गांज्याचं, हे कळत नाही. डेल्टा-८ही त्यात पकडलं जातं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ‘शंभर टक्के कायदेशीर’ असं तुम्ही ज्या पोराला सांगता, त्याला हे सांगता का? आणि तोच पोरगा उरलेल्या गमी बॅगेत टाकून मुंबईच्या विमानात बसला, तर तिथे तुमचं फार्म बिल चालत नाही. तिथे १९८५चा एनडीपीएस कायदा आहे आणि त्यात तुरुंग आहे.

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसनं हेम्पची व्याख्याच बदलली. एका डब्यात एकूण ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालणार नाही, झाडाबाहेर बनवलेली संयुगं चालणार नाहीत, आणि अंमल वर्षभरानं, अशी त्यात तरतूद आहे. तेव्हापासून तुमच्यासारखे लोक छाती पिटत आहेत की मोठ्या दारू कंपन्यांनी आमचा गळा घोटला. गळा तुम्हीच घोटलात, आणि स्वतःचा नव्हे. मिनेसोटानं १ जुलै २०२२पासून हे उत्पादन रीतसर मान्य केलं होतं: एका वेळेला ५ मिलिग्रॅम, पाकिटात ५०, वय एकवीस. तिथल्या छोट्या उद्योगांनी ते पाळून धंदा उभा केला. प्रत्येक बॅच तपासणारे, आयएसओ १७०२५ मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवणारे, रिपोर्टात वाईट आकडा आला तर माल फेकून देणारे लोक या देशात आहेत. मी त्यांचे रिपोर्ट पाहिले आहेत. पानंच्या पानं, आलेखासकट. टेक्सासात तर सप्टेंबर २०२५पर्यंत वयाची अटसुद्धा राज्यभर नव्हती, ती गव्हर्नरांना आदेश काढून आणावी लागली. तुम्ही त्या मोकळिकीत वाट्टेल ते विकलंत आणि आता शिक्षा त्या प्रामाणिक लोकांना होते आहे. ज्यांना या गमीनं खरोखर बरं वाटत होतं, त्या माणसांनाही होते आहे.

तेव्हा दोन गोष्टी करा. दुकानांत टांगलेली ही पाकिटं परत बोलवा. आणि पुढचं पाकीट छापाल तेव्हा कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, तयार गमीचा पूर्ण रिपोर्ट आणि एका गमीतले मिलिग्रॅम छापा. जमत नसेल तर हा धंदा सोडा.

वाचकांना एवढंच सांगते: बॅच नंबर रिपोर्टाशी जुळत नसेल तर घेऊ नका. घेतलीत तर कुलपात ठेवा. मुलानं किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी चुकून खाल्ली तर लाजून घरी बसू नका, अमेरिकेच्या विषबाधा मदत केंद्राला फोन करा. माणूस शुद्धीवर नसेल किंवा श्वास नीट चालत नसेल तर थेट ९११. मदत केंद्राचा फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. क्रमांक आहे १-८००-२२२-१२२२.