खुनी कोण, ते सोडून बोला

ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली आणि आष्टीतल्या आमच्या सलूनात तपासपथक आपोआप बसलं. मालिका वाईत २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून सुचलेली. गावाला देवमाणूस वाटणारा डॉक्टरच खुनी, हे प्रेक्षकांना ठाऊकच. मग शोधायचं काय?

"मालिकेतल्या सरू आजीला समदं म्हाईत हाय," माझ्या गळ्याला वस्तरा लावून कारागीर म्हणाला. "म्हातारी म्हणींतून पुरावे सांगती." मला मान हलवता येईना, त्यानं तो होकार धरला. बाकावरच्या मामांचा संशय मालिकेतल्याच टोण्यावर. "पोरगं लई चौकस हाय. पुढं दवाखाना हाच चालिवणार."

मालिका संपायला ऑगस्ट २०२१ उजाडला. नगरहून येणाऱ्या रेल्वेची २०२२ पर्यंत वाट पाहिलेल्या आष्टीकराला वर्षभराचं काय! दिवसाला एक मुडदा नि चार तर्क, असा हिशेब चालला.

मालिकेतल्या डॉक्टरच्या बोगस पदवीवर मात्र चकार शब्द नाही. एका संध्याकाळी मामा कंबरेत सुई टोचून घ्यायला गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले. पाटीवरची पदवी उन्हानं पार उडालीय. हाताला गुण आहे म्हणे.