पोच

आमच्या सायखेड्यात पुराच्या आधी पाणवेली येतात. नाशिककडून वाहत आलेला तो हिरवा गालिचा चांदोरीच्या पुलाला अडकतो, पाणी तुंबतं, आणि पुढे ते कुठवर चढतं हे २०१६ आणि २०१९ चा पूर पाहिलेल्यांना विचारावं. म्हणून पाणवेली दिसल्या की फोटो काढून आम्ही निवडून दिलेल्या साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप करायचं, हे मी नागरिकाचं कर्तव्य समजतो.

निळ्या खुणा लगेच उमटतात. उत्तर म्हणून येतात दोन जोडलेले हात. त्यावर पारावर तज्ज्ञांची बैठक बसली. एक म्हणाला, काम झालं समजा. दुसरा म्हणाला, छे, माफी मागितली. तिसऱ्याच्या मते ती पुलाला आगाऊ श्रद्धांजली होती.

पण साहेब लोकांना भेटत नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लग्नाची पत्रिका गेली की ते अक्षतांना हजर. दशक्रियेला तर घाटावर आमच्या भावकीच्याही आधी. तेव्हा खोट आमच्या अर्जात आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. पाणवेली हिचा शुभविवाह चि. पूल यांजशी योजिला आहे’ असं छापायला हवं. सायरन वाजवत येतील, वर आहेरही देतील.

कायदा आहे म्हणा. दफ्तर दिरंगाईविरुद्धच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे कारकुनानं फाईल कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त दाबून ठेवायची नाही. निवडून आलेल्याला मात्र ही अट नाही. त्याची मुदत पाच वर्षांची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथंही गाऱ्हाणी ऐकायला जिल्हाधिकारी बसतात. लोकप्रतिनिधीवाचून लोकशाहीचा दिवस साजरा होतो, ही सोय ज्याला सुचली त्याला दंडवत.

खरी युक्ती सापडली ती आमच्याच निफाड तालुक्यात, नैताळ्याच्या एका शेतकऱ्याला. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याच्या साडेसात क्विंटल कांद्याचे हातात आले १,०६४ रुपये. त्यानं ना मोर्चा काढला, ना निवेदन दिलं. पदरचे ५४ रुपये कमिशन भरून ती सगळी पट्टी थेट पंतप्रधानांना मनीऑर्डर केली! आणि दिल्ली हलली. मनीऑर्डर परत आली. पैसे द्यायचेच तर ऑनलाइन द्या, असा निरोपही आला. कांद्याच्या भावाबद्दल चकार शब्द नाही, पण पोच मिळाली.

यातली मेख ध्यानात घ्या. पत्र फायलीत जिरतं, मेसेज नुसता निळा होतो. मनीऑर्डरीला मात्र घेतली तर सही द्यावी लागते, नाही घेतली तर पैसे परत करावे लागतात. गप्प बसायची सोय पोस्टानं ठेवलेलीच नाही.

हे उमगल्यावर मी पोस्टात गेलो. म्हटलं, साहेबांना पाणवेली काढण्याच्या खर्चासाठी ५१ रुपये पाठवतो. परत आले की तेच उत्तर.

खिडकीतला पोरगा हसला. “काका, अन् त्यांनी ठेवून घेतले तर?”

हा विचारच केला नव्हता. डोळ्यांपुढे पुलावरचा फ्लेक्स आला: ‘पाणवेली निर्मूलनासाठी भरघोस निधी खेचून आणल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार!’ खाली शुभेच्छुकांत, कोपऱ्यात, माझा फोटो.

“राहू दे,” म्हटलं, “एक पोस्टकार्ड दे.”