अथ गंजनिवारणम्

घरच्या अंगणात जुनी मोटार दुरुस्त करू पाहणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांच्याकडे गाडीखाली पोतं अंथरायला जागा नसते. उदाहरणादाखल आमची प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. इंजिन 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, सध्या मुक्काम विश्रामबाग, सांगली. ज्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली, त्यांच्याच नावाचं इंजिनीअरिंग कॉलेज इथून चालत जाण्याच्या अंतरावर. उद्याचे इंजिनीअर रोज आमच्या फाटकावरून जातात. आजवर एकानंही आत डोकावून काय अडलंय असं विचारलेलं नाही.

कलम 1. पात्रता. हाताला जोर नसला तरी चालतो, कानाला मात्र लागतो. "अजून ठेवलीय होय ही?" हा प्रश्न लग्नात, दवाखान्यात आणि दहाव्यालाही येतो. तेव्हा कायदा पाठ असावा. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, कर भरायचा, चालवायची. म्हणजे कायदा आपल्या बाजूनं आहे. घरचे असतीलच असं नाही.

कलम 2. दाजी. प्रत्येक जुन्या गाडीमागे एक दाजी असतात. बहिणीचे यजमान नसतील तर शेजारचे काका, निवृत्त हेडमास्तर, कुणीही चालतं. अट एकच, त्यांनी कामाला हात लावता कामा नये. आमचे दाजी साताऱ्याचे. महाराष्ट्र स्कूटर्समध्ये, जिथं एकेकाळी प्रिया स्कूटर बनायची, तिथं ते स्टोअर्सला होते. लाखोंनी नट-बोल्ट मोजून दिले, पिळला एकही नाही. मी गाडीखाली शिरलो की कुणीतरी साताऱ्याला फोन करत असावं, कारण दाजी हजर होतात. कंदी पेढ्यांचा पुडा ताईच्या भावजयीच्या हातात, चहा स्वतःच्या हातात, दुसरा हात पाठीमागं. मग वरून आवाज येतो, "हं पाव्हणं, कुठंवर आलंय?"

कलम 3. निदान. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांमधली केसाएवढी फट तो भरून काढतो, आणि नट बोल्टवर जाम होतो. त्यात ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा इर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली तेव्हा पद्मिनी गावभागात होती. पाणी ओसरलं, गाळ पाट्यांच्या मधे राहिला. गाळ ओल धरून ठेवतो, म्हणून पुराची गाडी एकदा धुऊन भागत नाही; पाट्यांच्या फटी, दारांचे खालचे काठ आणि मॅटखालचा पत्रा पुन्हापुन्हा उघडून वाळवावा लागतो. पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंतच्या रस्त्यानं त्या काळात जे जे घट्ट राहायला हवं होतं ते सगळं सैल केलं. जे सुटायला हवं होतं त्याला त्यानंही हात लावला नाही.

कलम 4. तेल. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट काढायचे आहेत असं समजा. आधी तारेच्या ब्रशनं बाहेर डोकावणारे आटे स्वच्छ करा. घाण आट्यांवर नट ओढत आणणं म्हणजे मुद्दाम भांडण काढणं. मग तेल. इथं घराणी आहेत. डिझेलवाले, रॉकेलवाले, ब्रेक ऑइलवाले, आणि अलीकडचे डब्ल्यूडी-40 वाले. हे शेवटचं अमेरिकेत 1953 साली ओल हटवण्यासाठी बनवलं, चाळिसाव्या प्रयोगाला जमलं म्हणून नावात 40. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे एकोणचाळीस वेळा त्यांनाबी डिझेलच बरं वाटलं असणार." खरं सांगायचं तर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घेतलं तर ते सगळ्यांत आत झिरपतं. लावताना हलवत राहावं, नाहीतर दोन्ही वेगळी होतात. आणि आसपास विडी, उदबत्ती, देवघर काही नको. ब्रेकच्या लायनरवर एक थेंबही उडू देऊ नये.

तेल लावल्यावर रात्रभर थांबायचं. कृती एवढीच. सगळ्या शास्त्रात हीच सर्वांत अवघड, कारण चहा संपायच्या आत वरून विचारणा होते, "लावला का पाना?" उद्या लावणार म्हटलं की दाजी घड्याळाकडे बघतात. साताऱ्याची शेवटची एसटी चुकवून मुक्काम ठोकण्याइतकं कुतूहल त्यांना प्रत्येक वेळी असतं. रात्री जेवताना ते तेल आत्ता कुठल्या आट्यापर्यंत पोचलं असेल याचा अंदाज सांगतात. ताईला यातलं काही सांगू नये.

कलम 5. दोन तोंडांचा उघडा पाना गंजलेल्या नटाला लावणारा माणूस हातोड्यानंच दाढी करत असावा.

कलम 6. माप. रिंग पाना किंवा सहाकोनी गोटी घ्या. बाराकोनी गोटी कोपऱ्यांवर धरते आणि कोपरे खाते. सहाकोनी सपाट बाजूंवर धरते. गंजून नट बारीक झाला असेल तर एक माप लहान गोटी हातोड्यानं ठोकून बसवा. माप ओळखण्यासाठी मात्र माझ्याकडे पट्टी नाही, दाजी आहेत. चष्मा कपाळावर, कप हातात, फाटकापाशी उभे राहून ते म्हणतात, "सोळा-सतरा आणा, सतराची बाजू." आणि सतराच असतो. हे मला छळतं. माणसानं सल्ले द्यावेत, पण निदान चुकीचे तरी द्यावेत.

कलम 7. फिरवणं. सोडायच्या आधी किंचित आवळा. हे ऐकून नवशिके हसतात, पण गंजाची पकड सुटायला हलकासा झटका पुरतो, दिशा कुठलीही असो. हातोड्यानं नटाच्या बाजूवर टकटक करा, बोल्टच्या टोकावर नव्हे. टोक पसरलं की संपलं. पाना आपल्याकडे ओढा, पुढे ढकलू नका. ढकलताना सटकला तर बोटांची हाडं चासीवर जाऊन आपटतात. पाव फेरी सुटला की अर्धी पाव परत आवळा, तेल घाला, पुन्हा सोडा. आणि हाताकडे लक्ष द्या. सुटणारा नट कुरकुरतो पण कडक राहतो. तुटणारा बोल्ट अचानक मऊ लागतो, जड काहीच राहत नाही. तो मऊपणा जाणवला की तिथंच थांबायचं. वरून "आलं, आलं, दाबा!" असा आवाज येईल. त्याकडे दुर्लक्ष करावं.

कलम 8. गॅस. नट तापवला की फुगतो आणि गंजाची पकड मोडते, हे खरं. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागे असते, हेही खरं. दाजींचं म्हणणं, "थोडाच लावायचा." थोडाही लावायचा नाही. छिन्नीनं किंवा नट फोडायच्या हत्यारानं नट उभा चिरा. यू-बोल्ट तसाही परत वापरू नये, पाटेवाल्याकडे नवा मिळतो. दुसरीकडे कुठं बोल्ट आतच तुटला तर उरलेल्या ठुटक्यावर नवा नट वेल्ड करून घ्या. त्या उष्णतेनंच निम्मं काम होतं. कुपवाडच्या एमआयडीसीत हे करणारे हात आहेत.

कलम 9. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड नाहीतर जाड लाकडी ठोकळे, चाकांना उटी, हँडब्रेक. विटा ठेवू नका, विटा फुटतात. या कलमात गंमत नाही.

कलम 10. जोडणी. नवे बोल्ट आट्यांना तांब्याचं ग्रीस लावून बसवा. सायलेन्सर इंजिनला जिथं जोडतो तिथं पितळी नट लावा, ते गंजत नाहीत. पुढच्या वेळी आपण किंवा आपला वारस दुवा देईल. सगळं जोडून झाल्यावर एक वॉशर उरतो. तो खाली पडायच्या आत दाजी उचलतात. त्यांच्याकडे बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे. त्यात मापाप्रमाणे पुड्या, प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनं तारीख. स्टोअर्सची सवय. गेल्या दिवाळीत कार्ब्युरेटरचा एक इवलासा स्क्रू हरवला, कुठल्याच दुकानात मिळेना. दाजींनी काही न बोलता पुडी सोडली आणि हातावर ठेवला. नंतर तासभर बोलले.

तर वाचकांना एक विनंती. कुणाकडे पद्मिनीच्या डाव्या मागच्या दाराची काच वर-खाली करायचं हँडल पडलं असेल, तर भंगारात घालू नका. डब्यात फक्त उजवीकडचं आहे.