लयीचा शिरस्तेदार

वेळेवर हजर होणे हा गुण आमच्या घराण्यात पिढीजात नसल्यामुळे, भाच्याने घरी आणलेल्या, ध्वनी टिपून वाजवणाऱ्या सॅम्पलर नामक यंत्राच्या ठायी एखाद्या कर्तव्यकठोर शिरस्तेदाराचा आत्मा वास करीत असावा, अशी माझी पहिल्याच बैठकीत खात्री पटली. चार ओळींत चार-चार असे सोळा रबरी पॅड, ही मांडणी रॉजर लिन या अमेरिकन गृहस्थाने अकाई या जपानी कंपनीसाठी रचलेल्या, १९८८ सालच्या एमपीसी-६० पासून रूढ झाली. त्या आद्य यंत्राच्या स्मरणकोठीत जेमतेम १३ सेकंदांचा ध्वनी मावे. सबब त्या काळचे कलावंत मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने फिरवून ध्वनी आखडून आत घेत आणि मग त्याचा स्वर उतरवून त्यास पूर्ववत ऐसपैस करीत. ही काटकसर पाहून आमच्या आत्याबाईंचा ऊर भरून आला असता.

भाच्याच्या यंत्रात जागा मुबलक. कुकरची शिट्टी, अडकित्त्याचा कडकडाट आणि सौभाग्यवतींची “अहो, ऐकलंत का?” ही पृच्छा यांना आम्ही एकेक पॅड बहाल केले. मेट्रोनोम टिकटिकू लागला, लूप फिरू लागला, आणि वाजवता वाजवताच नोंद होत गेली: एका फेरीत अडकित्ता, त्यावर शिट्टी, सर्वांवर पृच्छा. माझा प्रत्येक आघात कुलपरंपरेनुसार किंचित विलंबाने पडत होता; तथापि यंत्राने तो परस्पर नजीकच्या सोळाव्या भागावर नेऊन बसवला आणि दफ्तरात माझी हजेरी बिनचूक लागली.

“मामा, याला क्वांटाइझ म्हणतात,” भाचा म्हणाला.

लिनसाहेबांनी या शिस्तीतही सवलतीची तजवीज केली आहे. स्विंग या कलमाखाली सोळाव्या भागांच्या जोडीतील दुसऱ्याने उशिरा यावे, आणि किती उशिरा ते टक्क्यांत ठरवावे: ५० म्हणजे काटेकोर समसमान, ६६च्या सुमारास तीच जोडी तिस्र जातीत डुलू लागते. जो विलंब आम्ही पिढ्यानपिढ्या मुक्तहस्ताने वाटत आलो, त्याला मंजुरीची मोजपट्टी लावावी, हे मला तरी अवमानकारक वाटले. डेट्रॉइटच्या जे डिला या हिप-हॉप संगीतकाराने मात्र क्वांटाइझच्या दुरुस्तीस वारंवार फाटा देऊन हाताचा आघात जिथे पडला तिथेच राहू दिला. त्याचे एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेले आहे. हा दाखला मी सौभाग्यवतींपुढे सादर केला.

“मग तुम्हालाही ठेवून घेतील तिथं,” त्या म्हणाल्या, “फक्त दार लावायच्या आत पोचा.”

भाच्याने हे वाक्य तत्परतेने चौथ्या पॅडवर चढवले. त्यास कसलीही दुरुस्ती लागली नाही.