श्री. नंतरकर

ठाण्यातल्या नौपाड्यात गोखले, जोशी, प्रधान, कर्णिक अशी नाना आडनावं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांत एका नव्या आडनावाची भर पडली आहे: नंतरकर. हे आडनाव जन्माने मिळत नाही, कर्माने मिळतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘नवी आवृत्ती तयार आहे, आत्ता बसवू की नंतर आठवण करू?’ असा प्रश्न उमटला की ज्याचा हात आपसूक ‘नंतर’वर जातो, तो नंतरकर. राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीतल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत तो हमखास आढळतो. वय साठीच्या पुढे, नोकरी मंत्रालयात किंवा बँकेत होऊन गेलेली, सोसायटीचं सचिवपद तहहयात. कॉम्प्युटरला स्वतंत्र टेबल, त्याला कीबोर्डचा सरकता ट्रे, आणि काम नसेल तेव्हा सगळ्यावर प्लास्टिकचं आच्छादन. शेजारी एक दोनशे पानी वही. तीत निळ्या शाईत क्रमवार सूचना असतात: ‘१) खाली डावीकडचं हिरवं बटण दाबणे. २) निळा ई दोनदा दाबणे. ३) पान उघडेपर्यंत दुसरं काहीही न दाबणे.’ तिसऱ्या सूचनेखाली दोन रेघा.

या गृहस्थांबद्दल घरातल्या तरुण मंडळींचा निकाल ठरलेला असतो: काका घाबरट आहेत, जुनाट आहेत, त्यांना नवं काही नकोच असतं. पुरावा मात्र नेमका उलट आहे. हेच काका भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतात आणि पैसे पोचल्याचा आवाज ऐकू आला नाही तर जागचे हलत नाहीत. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढतात. शेअर डीमॅटमध्ये आहेत, रिटर्न ऑनलाइन भरलं जातं, नातवाशी व्हिडिओवर बोलणं होतं. यातली एकही गोष्ट त्यांच्या तरुणपणी नव्हती आणि एकीलाही त्यांनी ‘नंतर’ म्हटलं नाही. कारण साधं आहे. यूपीआयने सुट्ट्या पैशांची कटकट गेली, मोबाइलने तिकिटाची रांग गेली. ज्या नव्या गोष्टीने काम कमी होतं, ती नंतरकर दोन्ही हातांनी घेतात. नवी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र त्यांना जे काम आधीच येतं, तेच पुन्हा शिकायला सांगते. त्यांचा ‘नंतर’ हा हिशेब करून दिलेला नकार आहे, आणि तो हिशेब बराचसा बरोबर आहे.

त्या हिरव्या बटणाचीच कुंडली पाहा. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली, तेव्हा ते बटण खाली डावीकडे होतं. व्हिस्टात आणि मग २००९ च्या विंडोज सेव्हनमध्ये ते गोल झालं, पण जागेवर राहिलं. २०१२ च्या विंडोज एटमध्ये ते गायबच झालं आणि जिथे तिथे रंगीत चौकोन आले. जगभर इतकी ओरड झाली की वर्षभरात ८.१ आवृत्तीत बटण परत आणावं लागलं. २०१५ च्या विंडोज टेनमध्ये ते चांगलं बस्तान बसवून होतं. २०२१ मध्ये इलेव्हन आली आणि बटण सरकून पट्टीच्या मध्याकडे गेलं. ते पुन्हा डावीकडे आणता येतं, त्यासाठी सेटिंगमध्ये जायचं असतं, आणि सेटिंगमध्ये जायला आधी ते बटण सापडावं लागतं. ऑफिस २००७ मध्ये ओळखीचे मेनू जाऊन रिबन आली. छायाचित्रं लावायचं पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं. प्रत्येक वेळी कुणीतरी व्यासपीठावर उभं राहून सांगत होतं की आता सगळं अधिक सोपं झालं आहे. आणि प्रत्येक वेळी नौपाड्यात एक वही रद्दीत जात होती.

इथे ‘सोपं’ म्हणजे काय, हा प्रश्न येतो. ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प ज्यांनी १९७९ मध्ये सुरू केला, त्या जेफ रास्किन यांनी १९९४ मध्ये एक लेख लिहून मांडलं होतं की ज्याला आपण सहज समजणारं म्हणतो, ते बहुतेक वेळा फक्त ओळखीचं असतं. याचा ढळढळीत दाखला रोज आपल्या बोटांखाली असतो. इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी शोल्स यांच्या १८७८ च्या टाइपरायटर पेटंटमधून आलेली आहे. तिच्यापेक्षा वेगवान म्हणवणाऱ्या मांडण्या पुढे आल्या, पण ती हलली नाही. काचेच्या मोबाइलवरही तीच बसली आहे. ती उत्तम आहे की नाही, यावर वाद घालता येईल. ती टिकली कारण कोट्यवधी हातांनी शिकण्याची मेहनत आधीच करून ठेवली होती, आणि ती मेहनत फुकट घालवण्याचं धाडस कुठल्याही कंपनीला झालं नाही. नंतरकरांची वहीसुद्धा अशीच कमाई आहे. फरक इतकाच, की ती एकट्या माणसाची असल्यामुळे तिला कुणी भीत नाही.

मराठी नंतरकरांचा तर आणखी एक जुना जमाखर्च आहे. मंत्रालयात रेमिंग्टनवर ज्यांनी मराठी टंकलेखन पक्कं केलं, त्यांनी पुढे कॉम्प्युटरवर श्रीलिपी नाहीतर सी-डॅकचं आयएसएम हे टंकनाचं सॉफ्टवेअर धरलं आणि सोसायटीच्या नोटिसा, गणपतीची वर्गणीपुस्तकं, सत्यनारायणाची आमंत्रणं त्यात घडवली. ती फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली, की ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. युनिकोडने हा प्रश्न सोडवला. एक्सपीत देवनागरीची सोय वेगळी चालू करावी लागे, सीडी शोधावी लागे. व्हिस्टापासून ती घरचीच झाली. ही सुधारणा खरी आहे, आणि नंतरकरांच्या बाजूने बोलणाऱ्यानेही ती मान्य करायला हवी. पण तिचीही किंमत त्यांनीच मोजली. विंडोजने देऊ केलेला कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या वेगळ्याच मांडणीचा होता, त्यांच्या बोटांत रेमिंग्टन होतं. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढाव्या लागल्या, आणि त्यातून बाहेर पडताना काही जोडाक्षरं जायबंदी झाली. लाभ सगळ्यांचा होता, बिल एकाच्या नावावर फाटलं.

आता याच माणसाला दुसऱ्या एका बदलाच्या वेळी पाहा. नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. पन्नास वर्षांचं राहतं घर पाडून नवं बांधायचं, याहून मोठं अपग्रेड माणसाच्या आयुष्यात नाही. पण त्या सभेला नंतरकर फाइल घेऊन पहिल्या रांगेत बसलेले असतात. का? कारण तिथे नियम आहेत. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ रोजी राज्य सरकारने काढलेल्या निर्देशांप्रमाणे किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, सभेचं व्हिडिओ चित्रण होतं, बिल्डरला प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यावी लागते, नकाशे सभेपुढे ठेवावे लागतात. वर काम चालू असेपर्यंतचं भाडं. खिडकी कुठे येणार, संडास ईशान्येला तर नाही ना, हे विचारायची सोय असते. याउलट कॉम्प्युटरमध्ये कोणती सभा भरते? २०१६ मध्ये विंडोज टेनच्या फुकट अपग्रेडची खिडकी पडद्यावर यायची. ती घालवायला लोक नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या लाल फुलीवर टिचकी मारत. त्या वर्षीच्या मे महिन्यात ती फुली म्हणजे ठरलेल्या वेळेला संमती असं धरलं गेलं. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक बाईंचा कॉम्प्युटर असल्या न मागितलेल्या अपग्रेडने ठप्प झाला, तेव्हा त्यांनी कोर्टातून दहा हजार डॉलर वसूल केले. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, आम्ही जरा पुढे गेलो, अशी कबुली दिली. सोसायटीच्या ठरावावर फुली मारणं म्हणजे होकार, असं कुठला बिल्डर म्हणाला असता, तर त्याला जिना उतरायला मदत करणारे सभासद नौपाड्यात पुष्कळ निघाले असते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो वजनदार आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर कॉम्प्युटर बंद पाडले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. म्हणजे बळी पडलेल्यांपैकी बहुतेक जण नंतरकरांचे भाऊबंद. दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या या दुसऱ्या विषाणूचा हल्ला झाला आणि आपल्या शेजारी न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. इथे नंतरकरांची बाजू लंगडी पडते. बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर होतात, त्याची दुरुस्ती टाळणं हा हट्ट आहे, आणि हा हट्ट शेजाऱ्यालाही महागात पडतो. पण नंतरकरही गप्प बसणारे नव्हेत. नॉटपेट्या पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. आणि १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडून बसले, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले, तेही क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे. यावरून अपडेट करूच नये, असं ठरत नाही. ठरतं ते एवढंच की कुलूप बदलणं आणि दरवाजा दुसऱ्या भिंतीत नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. कंपन्या ती एकाच गाठोड्यात बांधून देतात, आणि नंतरकर दरवाजाच्या रागाने कुलूपही नाकारतात. गाठोडं सोडलं, तर ते कुलूप नक्की घेतील. एक सोडून दोन घेतील.

दुसरा आक्षेप: सतत बदल हा तंत्रज्ञानाचा स्वभावच आहे, ज्याला झेपत नाही त्याने तक्रार करू नये. हा आक्षेप घेणारा भाचा बहुधा ऐरोलीच्या आयटी कंपनीत असतो. त्याच्या ऑफिसात काय चालतं? तिथे नवी आवृत्ती आली की आयटी विभाग आधी ती तपासतो, थोड्या मशीनवर चालवून पाहतो, मग सवडीने सगळीकडे देतो. इतकंच नव्हे, मायक्रोसॉफ्ट स्वतःच मोठ्या संस्थांना वर्षानुवर्षं न बदलणारी आवृत्ती विकते. विंडोज टेनची सर्वसाधारण आवृत्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, निकालात निघाली. पण त्याच विंडोज टेनच्या ‘एलटीएससी’ नावाच्या २०२१ च्या आवृत्तीला जानेवारी २०२७ पर्यंत आधार आहे, आणि यंत्रांमध्ये बसवायच्या तिच्या भावंडाला जानेवारी २०३२ पर्यंत. म्हणजे कारखान्यातल्या यंत्राला दहा वर्षं शांतता लागते हे कंपनीला ठाऊक आहे. सत्तरीच्या माणसालाही ती लागते, हे तेवढं दरपत्रकात बसत नाही. घरगुती गिऱ्हाइकाला तीस डॉलरला, नाहीतर आपली सेटिंग कंपनीच्या खात्यात ठेवण्याच्या बदल्यात, जेमतेम एका वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली. शिवाय नव्या आवृत्तीला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर हवा, त्यामुळे २०१७-१८ च्या आधीची बहुतेक धडधाकट यंत्रं बाद. काकांना ‘बदलायला शिका’ सांगणं सोपं. इथे त्यांना बदलायला कुणी सांगतच नाहीये, विकत घ्यायला सांगतंय.

मग येतो सल्ला, विंडोज सोडून लिनक्स घेण्याचा. तो तत्त्वतः चोख आहे: फुकट, जुन्या यंत्रावर धावणारं, लिनक्स मिंटमध्ये तर मेनूचं बटणही खाली डावीकडे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवत आहेत, सी-डॅकचं बॉस नावाचं लिनक्स आहे, २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानेही उबुंटू या लिनक्सवर बेतलेली ‘माया’ ही सिस्टिम घेतली. पण या प्रत्येकामागे बसवून देणारी, अडलं तर धावून येणारी संस्था होती. नंतरकरांच्या मागे रविवारी दुपारी जेवायला येणारा भाचा आहे. तो बसवून देईल, आणि सोमवारी श्रीलिपी उघडत नाही, प्रिंटर ओळख देत नाही असा फोन गेला की म्हणेल, ‘काका, मीटिंगमध्ये आहे.’

हे सगळं नंतरकरांच्या बाजूने मांडल्यावर त्यांचा दुसरा अवतार झाकून ठेवणं बरं नव्हे. वापरणारा म्हणून हा माणूस कमालीचा परंपरावादी. सचिवाच्या खुर्चीत बसला की तोच मायक्रोसॉफ्ट होतो. ‘पुढील महिन्यापासून मेंटेनन्सचा चेक स्वीकारला जाणार नाही, रक्कम ॲपवरूनच भरावी’ अशी नोटीस जिन्यात त्यांच्याच सहीने लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी तीस वर्षं चेक देत आल्या आहेत. त्यांनी विचारलं, तर ‘मावशी, फार सोपं आहे हो’ असं उत्तर मिळतं. अगदी हेच वाक्य ऐकून ते स्वतः दरवेळी लालबुंद होतात. यात ढोंग नाही. खुर्ची बदलली की सोपेपणाची व्याख्या बदलते, कारण बदल ठरवणाऱ्याला तो शिकावा लागत नाही आणि शिकणाऱ्याला ठरवता येत नाही. खोट या रचनेत आहे. रेडमंडची मायक्रोसॉफ्ट आणि नौपाड्याची सोसायटी, दोन्हीकडे ती सारखीच.

म्हणून सामान्य माणसासाठी ‘वापरायला सोपं’ याची कसोटी नंतरकरांनीच लिहून ठेवावी, पुनर्विकासाच्या मसुद्यासारखी कलमवार: दुरुस्तीची आणि नूतनीकरणाची संमती वेगवेगळी मागा, जुनी मांडणी हवी त्याला ती ठेवू द्या, नवं शिकवण्याचा खर्च ज्याने बदल ठरवला त्याने सोसावा. पहिली प्रत अमेरिकेला धाडण्याआधी सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायला हरकत नाही. तिथल्या सचिवांचा पत्ता माहीत आहे, आणि ते दुपारी चारनंतर भेटतातही.