शाळेत मंडळ कसे काढावे, आणि ते चालू लागल्यास काय करावे

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी आणि लगतच्या गावांतल्या हायस्कुलांत नव्याने रुजू होणाऱ्या सहशिक्षकांना मंडळ मागावे लागत नाही. ते आपोआप मिळते. स्टाफरूममध्ये जो सगळ्यांत शेवटी आला आणि ज्याला मोबाईलमधले सगळ्यांत जास्त कळते, त्याच्या नावापुढे मुख्याध्यापक ते लिहून मोकळे होतात. विषय पाहिला जात नाही. हिंदीच्या सरांकडे विज्ञान मंडळ आणि विज्ञानाच्या मॅडमकडे वाङ्मय मंडळ असणे, ही उत्तम नियोजनाची खूण समजावी.

आपल्याला नक्की काय मिळाले आहे, हे आधी समजून घ्यावे. राष्ट्रीय हरित सेना केंद्राच्या पर्यावरण खात्याने 2001-02 साली सुरू केली. अलीकडे तिच्या जोडीला मिशन लाइफचे इको क्लब आले. शिवाय स्काऊट-गाईड, मीना-राजू मंच, वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, शालेय मंत्रिमंडळ आणि तंबाखूमुक्तीची समिती. पाटी रंगवताना जुने नाव पूर्ण खरवडू नये. नावे फिरून येतात.

मंडळाची वेळ घड्याळावर नव्हे, पॅसेंजरवर ठरते. चुडावा हे पूर्णा जंक्शन आणि नांदेडच्या मधले स्टेशन. या पट्ट्यात शिक्षकांपैकी काही नांदेडहून अपडाऊन करतात, काही परभणीहून. शासन मुख्यालयी राहा म्हणते, गाडी वेळेवर निघा म्हणते. दोघांचा मान राखायचा तर मंडळाची सभा मधल्या सुट्टीत उरकावी. शनिवार सकाळच्या शाळेचा असतो आणि पहिली ते आठवीसाठी 2024 साली 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही निघाला. त्या दिवशी गणिताचा राहिलेला भाग भरून काढता येतो. नववी-दहावीच्या लेकरांना आनंदाची तरतूद नाही. त्यांना बोर्ड आहे.

आता पदाधिकारी. इथे घाई करू नये, कारण मंडळाचे भवितव्य इथेच ठरते. प्रत्येक शाळेत सुंदर अक्षराची एक मुलगी असते. ती आठवीत असतानाच हेरावी. फळ्यावरचा सुविचार तीच लिहिते, परिपाठाचे दिनविशेष तीच काढते, पाहुणे आले की स्वागताची पाटी तिच्याकडे. तिला हरित सेनेची सचिव करावे. मग विज्ञान मंडळाची करावे. वाङ्मय मंडळाचे हस्तलिखित निघायचे असेल, तर संपादक, लेखक, चित्रकार आणि मुद्रक एवढ्या जागा तिच्याकडेच द्याव्यात. मजकूर कुठून आणायचा, असे तिने विचारल्यास 'किशोर'चे जुने अंक हाती द्यावेत. बालभारतीचे हे मासिक 1971 पासून निघते, त्यामुळे उतरवून घ्यायला पन्नासहून जास्त वर्षांचा साठा आहे. शाळेत मंडळे आठ असली तरी सचिव एकच असल्याने पत्रव्यवहार सोपा जातो. ती दहावी झाली की शाळेतले सांस्कृतिक जीवन वर्षभर विस्कळीत होते. म्हणून तिची धाकटी बहीण सहावीत आहे का, हे पाहून ठेवावे.

कार्यक्रमांच्या तारखा वरून येतात, आपण फक्त फोटो पुरवायचे. जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला पडतो, तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते आणि परभणीच्या उन्हात रोपाआधी सचिवच कोमेजेल. म्हणून 1 जुलैचा कृषी दिन धरावा. त्या दिवशी वसंतराव नाईक यांची जयंती असते आणि कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचे, शेजारी परभणीत आहे, हे दोन मुद्दे भाषणाला पुरतात. दरवर्षी त्याच खड्ड्यात झाड लावण्यावर पूर्वी लोक हसत. आता फोटोवर अक्षांश-रेखांश छापून येतात आणि खड्डा बदलला तर मागच्या वर्षीचे ठिकाण जुळत नाही. हसणारे बंद झाले. रोप करंजाचे घ्यावे, त्याला शेळी सहसा तोंड लावत नाही. बॅनरवर तारखेची जागा कोरी ठेवून वर कागद चिकटवावा म्हणजे एकच बॅनर तीन वर्षे जातो. चौथ्या वर्षी तो सोयाबीनच्या गंजीवर दिसला, तर मंडळ समाजापर्यंत पोहोचले असे अहवालात नमूद करावे.

विज्ञान मंडळाला कपाट असते. त्यात पिवळा पडलेला लिटमस, चकती नसलेला तराजू, बाटलीतला बेडूक आणि पोटॅशियम परमँगनेटची एक डबी सापडते. डबीबाबत सावध राहावे. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा कार्यक्रम पाहिलेला एखादा मुलगा त्यावर ग्लिसरीनचे थेंब टाकून आपोआप पेट घेणारा यज्ञ करून दाखवतो आणि मग गावात नको त्या महाराजांविषयी नको ते प्रश्न विचारले जातात. किल्ली कारकुनाकडे आणि कारकून पंचायत समितीत, हीच व्यवस्था आजवर सुरक्षित ठरली आहे. 28 फेब्रुवारीला रामन यांच्या फोटोला हार घालावा. इन्स्पायर पुरस्कारासाठी पाच कल्पना पाठवाव्या लागतात. कल्पना निवडली गेली तर विद्यार्थ्याच्या खात्यावर 10,000 रुपये येतात. कल्पना सुचणे अवघड नाही. विद्यार्थ्याचे खाते, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधले नाव या तिन्हींचे स्पेलिंग जुळणे, हा त्यातला खरा शोध आहे.

शालेय मंत्रिमंडळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मुख्यमंत्री सरपंचाच्या घरातला असावा असा आग्रह नसतो, पण तो तसा निघतो. सहलमंत्र्याला काम नसते. सत्ता एकट्या पाणीमंत्र्याकडे, कारण लाईट आली की मोटार तो चालू करतो.

एवढे पाळूनही कधी कधी मंडळ चालू लागते. लक्षणे वेळीच ओळखावीत. शाळा सुटल्यावर चार लेकरं दारात घुटमळतात. कपाटाची किल्ली कोणी तरी नावानिशी मागते. सगळ्यांत जास्त धोका 17 सप्टेंबरच्या आसपास. त्या दिवशी, 1948 साली, देशाला स्वातंत्र्य मिळून तेरा महिने उलटल्यावर मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, हे आपण झेंड्याखाली सांगून मोकळे होतो. एखादा पोरगा मात्र ते घरी घेऊन जातो. आज्याला विचारतो, रझाकार आले तेव्हा तुमचा बाप कुठं होता? आजा आधी गप्प बसतो, मग रात्रभर बोलतो. दुसऱ्या दिवशी पोरगा वही भरून आणतो, मागून दुसरा आपल्या आजीला धरून आणतो, आणि गावातून जाणारी ही लाईन कोणी टाकली, मजूर कुठले होते, असे पाठ्यपुस्तकात नसलेले प्रश्न तासाला येऊ लागतात. यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. अक्षांश-रेखांश तर नाहीतच. अशा वेळी सहामाहीच्या परीक्षेची तारीख जाहीर करावी. बहुतेक वेळा ताप उतरतो.

दुसरे लक्षण सचिवाचे. मार्चमध्ये वार्षिक अहवालाचा कच्चा मजकूर आपण तिला सुवाच्य अक्षरात उतरवायला देतो. दोन पाने झाल्यावर ती पेन खाली ठेवते आणि विचारते, "सर, हे कवा झालतं?" आवाजात उद्धटपणा नसतो, तारीख लिहायची असते म्हणून विचारते. उत्तर देऊ नये. "लिही तू" एवढेच म्हणावे. कोरा तक्ता तिच्या हाती कधीच देऊ नये; ती खरे लिहील, आणि तेही इतक्या सुंदर अक्षरात की साहेबांना शेवटपर्यंत वाचावे लागेल.

तरी सर्व संबंधितांनी आपापल्या मंडळांची माहिती सोबतच्या लिंकवर आजच दुपारी 4 वाजेपर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास तसे स्पष्ट कळवावे. आजवर एकाही शाळेने तसे कळवलेले नाही.