झोपेचं प्रगतिपुस्तक

आपल्याकडे नियमितपणाला भारी मान. ज्याची ७:४२ ची लोकल कधी चुकत नाही तो गुणी, ज्याची रोज चुकते तो वाया गेलेला. हृदयावर मात्र हा संस्कार झालेला दिसत नाही. नाडी मिनिटाला ६० म्हणजे दर सेकंदाला एक ठोका, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात निरोगी, गाढ झोपलेल्या माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर ९६० मिलिसेकंद, मग १०३०, मग ९८५, मग १०५० असंही असू शकतं. श्वास घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांबतात. कारण व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा लगाम सैल-घट्ट करत असतो. कार्ल लुडविगनं १८४७ सालीच श्वासाबरोबर होणारा हा बदल यंत्रानं कागदावर उतरवला होता. आता वरच्या आकड्यांतले फरक घ्या : ७०, ४५, ६५. त्यांचे वर्ग, वर्गांची सरासरी, तिचं वर्गमूळ : ६१. शाळेत ज्या वर्गमुळानं झोप उडवली, तेच आता झोपेचा हिशेब मांडतं. ठोक्यांतल्या या चढउताराचं नाव हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, घरगुती नाव एचआरव्ही.

माझं म्हणणं इतकंच, की हा आकडा रोजनिशी म्हणून उत्तम आणि प्रगतिपुस्तक म्हणून घातक आहे. सकाळी घड्याळानं किंवा अंगठीनं ६१ दाखवले, की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘शेजारच्याला किती?’ त्याला ९० असतील, तर चहा कडू लागतो. पण हा आकडा वयानुसार उतरतो, माणसागणिक मुळातच वेगळा असतो आणि यंत्रागणिक त्याचं गणितही बदलतं. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन नावाचं माप देतं, ओरा कंपनीची अंगठी आरएमएसएसडी, म्हणजे वर वर्गमुळानं काढलं ते. या दोघांची तुलना म्हणजे एकाचे गणिताचे गुण दुसऱ्याच्या चित्रकलेशी ताडून पाहणं.

कुणी म्हणेल, यामागे शास्त्र आहे. आहेच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या १९८७ सालच्या अभ्यासात, ज्यांचं एसडीएनएन ५० मिलिसेकंदांच्या खाली होतं त्यांना मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. पण तिथे छातीला तारा लावून चोवीस तासांची नोंद घेतली होती, तीही आजारी माणसांची. त्यावरून धडधाकट माणसानं एका रात्रीच्या आकड्यावर मृत्युपत्र करायला घेऊ नये. बरं, ‘जास्त तितकं छान’ हेही खरं नाही. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात ठोके इतके बेताल पडतात, की आकडा गगनाला भिडतो. अशा वेळी पेढे वाटायचे नसतात, डॉक्टरकडे जायचं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : ताप चढण्याआधी, दारूनंतर, जागरणानंतर हा आकडा पडतो, मग पूर्वसूचना काय वाईट? वाईट काहीच नाही, पण ती अर्धवट आहे. आकडा ‘काहीतरी बिनसलंय’ एवढंच सांगतो; बिनसवणारा विषाणू, की रात्री अकराला चापलेली मिसळ, हे सांगत नाही. आपल्या वैद्यांनी नाडीत साप, बेडूक आणि हंसाच्या चाली ओळखल्या. तरी अष्टविध परीक्षेत नाडी आठांतली एकच. जीभ, डोळे, आवाज हेही त्यांना पाहावं लागे. बोटातल्या अंगठीला मात्र आपण एकटीलाच पंच नेमतो.

आणि पंचाचा निकाल खेळावर परिणाम करतो, ही खरी गोम. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना यंत्रं जोडून त्यांच्या झोपेबद्दल मनाचेच आकडे सांगितले. ‘झोप छान झाली’ ऐकलेल्यांनी बुद्धीच्या चाचणीत चांगली कामगिरी केली, ‘वाईट झाली’ ऐकलेल्यांची घसरली. २०१७ साली तर परिपूर्ण झोपेच्या आकड्यांमागे लागून झोप घालवून बसण्याला ‘ऑर्थोसोम्निया’ हे नावच मिळालं. म्हणून आकडा रविवारी पाहावा, आठवड्याची सरासरी स्वतःच्याच मागच्या महिन्याशी ताडावी आणि रोज सकाळी आधी अंगाला विचारावं. झोपेचे साक्षीदार आपण नसतो, हे खरं. पण जाग कशी आली याची साक्ष आपल्याइतकी कुणाला देता येणार? उरली घोरण्याची नोंद. ती शेजारी झोपणारं माणूस ठेवतंच; चार्जिंगशिवाय, आणि न विचारता वाचूनही दाखवतं.